गुणवंताचा डावा कान

पांढुर्ण्यात फोन उचलून नंबर सांगणारा माणूस बाहेरगावचा समजला जायचा. गावचा माणूस नुसता म्हणायचा, "हॅलो, गुणवंता, मास्तराकडे लाव." कोणत्या मास्तराकडे, ते गुणवंताने ओळखून घ्यायचं. कधी तो फोन लावायचाच नाही. "आता नका लावू शेटजी, ते सौंसरले गेले. सांजच्या बसनं येतीन," असं सांगायचा, आणि शेटजी बरं म्हणून रिसीव्हर ठेवायचे. नागपुरात लोक चकती फिरवून परस्पर बोलायला लागले त्याला जमाना झाला होता. इथे, हद्दीपलीकडे मध्य प्रदेशात, मात्र अठ्ठ्याऐंशी साल उजाडलं तरी टेलिफोन ऑफिसात तोच लाकडी बोर्ड होता, तीच भोकं, त्याच दोऱ्या, आणि त्यांच्यासमोर कानाला हेडफोन लावून बसलेला गुणवंता ढोबळे.

त्या बोर्डाची एक गंमत होती. बोलणं संपलं की नाही हे कळायला ऑपरेटरला मधूनमधून बटण वर करून ऐकावंच लागायचं, नाहीतर कोणाचंही बोलणं अर्ध्यात तुटायचं. म्हणजे अख्खं गाव गुणवंताच्या कानातून जायचं. कोणाची सून वरूडच्या आईजवळ रडते, कोणाच्या पोराचं कुठे जुळलंय, कोणाला कसला रोग आहे, सगळं त्याला ठाऊक. आणि त्याला ठाऊक आहे हे गावालाही ठाऊक. तरी कोणी आवाज खाली करत नव्हतं, कारण इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून एक अक्षर बाहेर पडलं नव्हतं. बायको प्रेमलता चिडायची. "सारं गाव ऐकून येता अन् घरी आलं की तोंडाले कुलूप! एखादी तं बात सांगा मले." तो हसायचा आणि ताट पुढे ओढायचा. माणसाला मिरवायला काहीतरी लागतं, आणि गुणवंताजवळ एवढंच होतं.

शेजारी सुरेश मास्तर राहायचा, सरकारी शाळेत गणित शिकवणारा. त्याच्या बापाच्या छातीत कळ आली तेव्हा नागपूरची लाइन काही केल्या लागेना. गुणवंताने बैतूलच्या ऑपरेटरची मनधरणी केली, त्याच्याकडून अमरावती धरलं, तिथून नागपूर, आणि डॉक्टर सापडेपर्यंत जागचा हलला नाही. म्हातारा वाचला. सुरेशने भर रस्त्यात गुणवंताला मिठी मारली. "तू माह्या घरचा मानूस आहे. हे मी मरेपर्यंत विसरत नाही," तो म्हणाला. विसरायला त्याला मरणाची वाट पाहावी लागली नाही, ते पुढे येईलच. पण त्या वेळी त्याने नुसती मिठी मारली नाही, गुणवंताच्या मीनासाठी लोधीखेड्याचं स्थळही आणलं, आपल्या मावसभावाचा मुलगा. सुपारी फुटायची तेवढी बाकी होती.

आणि भगवंतराव. त्यांना गाव भाऊ म्हणायचं. संत्र्याचे बगीचे होते, पण भाऊ खरे विरोधी पक्षाचे. सरकारला शिव्या घालाव्यात तर भाऊंनी. त्या दिवसांत दिल्लीत लोकांची पत्रं फोडायचा अधिकार सरकारला देणारा कायदा राष्ट्रपतींच्या सहीवाचून अडकून पडला होता. भाऊंना तो कायदा म्हणजे सणच होता. "आज पत्र फोडतीन, उद्या तुमची डोकी फोडून आत काय आहे ते पाहतीन!" ते गरजायचे, आणि बाजार चौक टाळ्यांनी दणाणायचा. भाऊ खोटं बोलत नाहीत, असं लोक म्हणायचे. गुणवंता नुसतं म्हणायचा नाही, त्याचा त्यावर विश्वास होता. हे दोन वेगळे रोग आहेत, आणि दुसरा बरा होत नाही.

उन्हाळ्यात भोपाळहून एक साहेब आला. कोणत्या खात्याचा ते त्याने सांगितलं नाही. इन्चार्जने गुणवंताला आत बोलावलं, दार लावलं, आणि साहेबाने शांतपणे हुकूम सांगितला: भगवंतरावांच्या फोनवर जे बोललं जाईल ते सगळं ऐकायचं आणि संध्याकाळी तोंडी कळवायचं. कागद नाही, सही नाही. बाहेर कळलं तर नोकरी जाईल आणि वर तुरुंग. गुणवंता मान खाली घालून हो म्हणाला. सरकारी नोकर दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी तो सायकल मारत भाऊंच्या बगीच्यात गेला. भाऊ झाडांना पाणी सोडत होते.

"भाऊ, फोनवर सांभाळून बोलत जा. मले ऐकाले लावलं आहे."

भाऊंनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, तुह्यासारखे दोन मानसं असते ना, तं हे सरकार केव्हाचंच पडलं असतं."

"फक्त माहं नाव कोठी येऊ नका देऊ, भाऊ. पोरीचं लग्न आहे."

"येडा आहे का? माहा शब्द आहे तुले."

गुणवंता घरी शीळ घालत आला. प्रेमलताला वाटलं, बढती मिळाली की काय.

त्यानंतर भाऊ फोनवर फक्त संत्र्याच्या भावाबद्दल बोलायचे, आणि गुणवंता इमानदारीने साहेबाला संत्र्याचे भाव कळवायचा. असंच चाललं असतं तर कोणाचंच बिघडलं नसतं. पण नेत्याच्या पोटात गुपित टिकत नाही, त्याचं भाषण होतं. नगरपालिकेची निवडणूक जवळ आली होती. बाजार चौकातल्या सभेत भाऊंनी माईक धरला आणि ओरडले, "बंधूंनो, सरकार माहा फोन ऐकून राहिलं!" लोक चिडले, घोषणा झाल्या. मागून कोणीतरी टवाळ ओरडला, "पुरावा द्या, भाऊ! नुसत्या गप्पा नोको!"

भाऊंनी मनात हिशेब केला. साहेबाचं नाव घ्यावं तर त्या साहेबाच्या वरच्यांशी त्यांचं आतून काही सुरू झालं होतं. पोलिसांचं घ्यावं तर उद्या त्यांच्याकडेच काम पडणार. आणि पुरावा तर हवा. सभेत टाळी मिळत असताना ती सोडून देणारा पुढारी अजून जन्माला यायचा आहे.

"पुरावा?" भाऊ म्हणाले. "बोर्डावर कोन बसते, त्याले जाऊन विचारा! आपल्याच गावचं मीठ खाऊन सरकारचा कान झाला तो!"

गुणवंता त्या सभेत होता. बुटातला खडा काढायला तो वाकला होता. वर पाहिलं तेव्हा त्याच्याभोवतीची जागा मोकळी झाली होती.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बगीच्यात गेला. या वेळी त्याला ओट्यावर बसवून ठेवलं. भाऊ आले ते दात कोरत.

"भाऊ, मीच तं तुमाले सांगाले आलो होतो."

"हळू बोल."

"एकदा, फक्त एकदा सभेत सांगा. गुणवंतानंच मले सावध केलं म्हना. तुमी सांगतलं तं गाव ऐकते."

"अन् तुही नोकरी?" भाऊंनी डोळे मोठे केले. "सरकारचा हुकूम तू मले फोडला, हे मी सांगू? तुले आत टाकतीन ना, बाप्पा! मी तुले वाचवलं आहे. आता सरकार समजते की तू त्याईचा मानूस आहे. तुले हात लावत नाही कोनी."

"पन गाव?"

"गाव विसरते. इलेक्शननंतर पाहू."

गुणवंता उठला. जाताना त्याने सवयीने भाऊंच्या पाया पडून घेतलं, याचा त्याला पुढे जन्मभर राग आला.

गाव काही विसरलं नाही. फोन उचलून लोक आता नंबर सांगायला लागले. पांढुर्ण्यात जन्मलेले, गुणवंताच्या मांडीवर खेळलेले लोक नंबर सांगायचे, आणि बोलणं संपवताना त्याच्या आईवरून एक शिवी हासडायचे. चहाच्या टपरीवर त्याला चहा मिळायचा, पण तो पीत असेपर्यंत कोणी बोलायचं नाही. हापशीवर प्रेमलता गेली की बायका एकमेकींना कोपरखळ्या मारायच्या. "हळू बोल गं, थेट भोपाळले जाईन." तिने घरी येऊन भांडी आपटली. "नाही सांगत, नाही सांगत म्हनून मलेच काही सांगतलं नाही, अन् सरकारले सांगतलं?" गुणवंताने तिला सगळं खरं सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. भाऊ कशाला खोटं बोलतील, असं तिने विचारलं.

मग सुरेशचा धाकटा भाऊ रवींद्र पकडला गेला. तो भाऊंच्या कार्यकर्त्या पोरांपैकी. रास्ता रोकोचं ठरवत होता, त्याच्या आदल्या दिवशीच पोलिसांनी त्याला घरातून उचललं आणि असा मारला की तो पुन्हा नीट चालला नाही, कायमचा पाय ओढत राहिला. सुरेश गुणवंताच्या दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"त्यानं फोनवरूनच ठरवलं होतं," तो म्हणाला.

"मास्तर, माह्या पोरीची आन आहे. मी काही बोल्लो नाही."

"तुह्या पोरीचं नाव आता लोधीखेड्यात कोनी घेत नाही. मीच सांगून आलो."

दाराच्या आड मीना उभी होती. ती रडली नाही, आत जाऊन तिने कणिक मळायला घेतली, आणि कितीतरी वेळ मळतच राहिली.

पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि दिवसभर दोन्हीकडून गोटे. डोकी फुटतात, लोक अंगारा लावून पुन्हा नदीत उतरतात, आणि संध्याकाळी झेंडा चंडीमातेच्या देवळात नेला की ज्यांनी एकमेकांना फोडलं तेच गळ्यात गळे घालतात. एक रीत मात्र सगळे पाळतात. गोटा कोणी मारला ते विचारायचं नाही, आणि माहीत असलं तरी सांगायचं नाही. त्या दिवशीच्या गोट्याला धनी नसतो.

"नोका जाऊ," प्रेमलता म्हणाली. इतके दिवस ती त्याच्याशी धड बोललीही नव्हती.

"घरी बसलो तं म्हनतीन, भेला. आज गावासाठी गोटे खाल्ले तं उद्या गाव चहा पाजते. आपलं गाव तसं वाईट नाही."

असं त्याला खरंच वाटत होतं. शहाणा माणूस त्या दिवशी पोटदुखीचं सोंग घेऊन पडून राहिला असता. गुणवंता गुडघाभर पाण्यात उतरला, थेट पुढच्या रांगेत, सावरगावकडे तोंड करून. एक गोटा खांद्यावर बसला, एक मांडीवर. त्याने ओरडून हात वर केला. मागच्या काठावरून कोणी तरी "शाब्बास" म्हणालं, आणि त्याला एकदम भरून आलं. त्याला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात मागून हाक आली.

"हॅलो, गुणवंता!"

अख्ख्या गावाचे आवाज ओळखणारा माणूस तो. हा आवाज तर त्याने बापाच्या दुखण्यात रडताना ऐकला होता. तो आनंदाने मागे वळला. गोटा डाव्या कानावर बसला.

तो पाण्यात पडला तेव्हा पांढुर्ण्याच्या काठावर हशा पिकला. "बरोबर जागी लागला!" कोणीतरी म्हणालं, आणि ते वाक्य संध्याकाळपर्यंत गावभर झालं. ज्यांनी नदीतून काढून त्याला खाटेवर घातलं, तेही हसत होते. तो कान गेला तो गेलाच. दवाखान्यात पोलीस शिपाई विचारायला आला तेव्हा गुणवंता म्हणाला, "सावरगावचा गोटा होता." शिपाईही पांढुर्ण्याचाच. त्याने मान हलवली आणि निघून गेला. गळ्यात गळा घालायला त्या संध्याकाळी कोणी आलं नाही.

एका कानाच्या माणसाला बोर्डावर कोण बसवणार? त्याला तारा वाटायला लावलं. लोक दारातून तार घ्यायचे आणि त्याच्यासमोर ती उघडायचे नाहीत.

निवडणूक झाली. भाऊंची माणसं जिंकली. आणि पुढच्या वर्षी संत्र्याचा बहार संपायच्या आत भाऊ सरकारी पक्षात गेले. विकासासाठी, असं ते म्हणाले. त्यांना एका निगमाचं अध्यक्षपद मिळालं, लाल दिव्याची गाडी मिळाली. पत्रं फोडायच्या कायद्याबद्दल त्यांनी पुन्हा तोंड उघडलं नाही. त्याच बाजार चौकात त्यांचा सत्कार झाला, आणि त्याच लोकांनी टाळ्या वाजवल्या. पांढुर्ण्याच्या लोकांची काय गोष्ट सांगावी! त्यांनी गोटे ज्याच्यासाठी राखून ठेवायला हवे होते, त्याला हार घातले.

सत्कारानंतर लाल दिव्याची गाडी गुणवंताच्या दारात थांबली. भाऊ आत आले, बाजेवर बसले, प्रेमलताकडून पाणी मागून प्याले.

"गुणवंता, तुले पुन्हा बोर्डावर बसवतो."

"एका कानानं?"

"एक पुरते." भाऊ हसले. "आता आपलं सरकार आहे. आपल्याले मालूम पाह्यजे, गावात कोन काय बोलून राहिलं. तू मले सांगत जा."

गुणवंताने खाली पाहिलं. मग वर पाहिलं. "भाऊ, तुमी ते एक वाक्य अजून बोल्ले नाही."

"कोन्तं?" भाऊंना खरोखरच आठवेना. आठवल्यावर त्यांनी हात झटकला. "आता काय फायदा त्याचा? अन् खरं सांगू का, लोक तुले तसा समजतातच. नाव तं गेलंच आहे, तं काम तरी कर. राजकारनात देनं-घेनं करावं लागते. रवींद्रचं नाव पोलिसाले मीच दिलं होतं. मोठ्या कामात एखादा पोरगा जाते."

ते इतक्या सहज बोलले की प्रेमलताच्या हातातला तांब्या तसाच राहिला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तिला आता कळलं होतं, आणि आता त्याचा काही उपयोग नव्हता. भाऊ बाजेवर, त्यांची गाडी दारात, आणि मीना अजून घरात. गुणवंता "बरं" म्हणाला.

तो बोर्डावर परतला, हेडफोन उजव्या कानावर सरकवून. आठवड्याभरात गाव बदललं. नंबर सांगणं बंद झालं. "हॅलो, गुणवंताजी! तब्येत कशी आहे, जी?" टपरीवाला चहाचे पैसे घेईना. आधी लोक त्याच्यावर विश्वास ठेवायचे तेव्हा त्याला अरे-तुरे करायचे. आता भ्यायला लागले आणि तो गुणवंताजी झाला. हापशीवर प्रेमलताला बायका पुढे करायच्या, आणि ती घागर भरून मान वर न करता घरी यायची.

सगळ्यांत गोड बोलायला लागला सुरेश मास्तर. नागपूरला मेहुण्याशी बोलताना तो मध्येच आवाज चढवून म्हणायचा, "काही म्हना, भाऊसारखा नेता होने नाही! केवढा विकास करून राहिले!" मेहुणा बिचारा गोंधळायचा, त्याने तर मिरचीचा भाव विचारलेला असायचा. गुणवंता बटण वर करून ऐकत राहायचा. त्या आवाजात त्याला दर वेळी नदीचं पाणी ऐकू यायचं.

एक दिवस भाऊंनी विचारलं, "तो सुरेश मास्तर काय म्हनते?"

गुणवंताने आयुष्यात कोणाचं खासगी बोलणं कोणाला सांगितलं नव्हतं, आणि खोटं तर मुळीच नाही. साहेबालासुद्धा त्याने संत्र्याचे भाव बरोबर कळवले होते.

"तुमाले शिव्या देते," तो म्हणाला. "म्हन्ते, भाऊनं गाव विकलं. अन् रवींद्रचं नाव कोनं दिलं ते त्याले समजलं, म्हन्ते. सगळ्याईले सांगीन म्हन्ते."

भाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी एकदाही उलटून विचारलं नाही. "तू सांगून राहिला म्हंजे खरंच असंन," ते म्हणाले. "तू काही खोटं बोलनारा मानूस नाही."

महिना संपायच्या आत सुरेश मास्तरच्या बदलीचा हुकूम आला. थेट बस्तर. जंगलातली एक शाळा, जिथे पोहोचायला मोटार सोडून पुढे पायी जावं लागतं. घरात आता लकवाही झालेला बाप, पाय ओढणारा रवींद्र, आणि बायकोला दिवस गेलेले. सुरेश भाऊंच्या बगीच्यात गेला, त्याला आत घेतलं नाही. मग तो टेलिफोन ऑफिसात आला. आत जायची परवानगी नसते, पण गुणवंताजींना भेटायचं म्हटल्यावर त्याला कोणी अडवलं नाही.

गुणवंता बोर्डाकडे तोंड करून बसला होता. सुरेश त्याच्या डाव्या बाजूला उभा राहिला आणि हात जोडून बोलायला लागला. बापाचं सांगितलं, बायकोचं सांगितलं, रवींद्रचं सांगितलं. भाऊ फक्त तुमचं ऐकतात, म्हणाला. मी तुमचं फार वाईट केलं, म्हणाला. "त्या दिवशी नदीवर मीच होतो, गुणवंताजी," एवढंही तो बोलला.

गुणवंता दोऱ्या काढत-घालत राहिला. सुरेश बोलून थांबल्यावर त्याने मान वळवली, आणि डाव्या कानावर बोट ठेवलं.

"या बाजूनं ऐकू येत नाही, मास्तर. तिकून या."

सुरेश खुर्चीला वळसा घालून उजवीकडे आला. डोळे पुसले, हात पुन्हा जोडले, आणि बापापासून नदीपर्यंत सगळं पहिल्यापासून सांगितलं. या वेळी त्याला मध्ये मध्ये हुंदके येत होते, म्हणून जास्त वेळ लागला. गुणवंताने हेडफोन कानावरून सरकवून सगळं ऐकून घेतलं, एक शब्दही न तोडता.

"ऐकलं," तो म्हणाला. "इलेक्शननंतर पाहू."

मग त्याने हेडफोन पुन्हा कानावर ओढला आणि पुढचा फोन लावायला घेतला.